गोठ्यात उभी गाडी, संपलेली आरसी आणि घरी आलेलं चलान: काय करावं?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. नीट माहिती असलेल्यांनी उत्तर द्यावं ही विनंती, कारण इथं प्रत्येक पानठेल्यावर वेगळा कायदा ऐकायला मिळतो.

बाबांची मोटरसायकल २००८ ची. बाबा गेल्यापासून ती गोठ्यातच उभी होती. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) अजून त्यांच्याच नावावर आहे आणि तिची मुदत २०२३ मध्ये संपली. विमा त्याच्याही आधीचा संपलेला. मागच्या महिन्यात पुतण्यानं प्लग, बॅटरी बदलून ती चालू केली आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला घेऊन गेला. नाक्यावर अडवलं. विमा नाही, नोंदणी संपलेली, असं चलान झालं. आम्हाला मेसेज आलाच नाही, कारण आरसीला बाबांचा जुना मोबाइल नंबर जोडलेला आणि तो कधीचाच बंद. गाडी नंबर टाकून पाहिलं तेव्हा दिसलं.

आता प्रश्न असे. गाडी इतकी वर्षं रस्त्यावर नव्हतीच, तरी त्या काळाचा दंड किंवा कर लागतो का? गाडी बाबांच्या नावावर आहे, मग दंड कोणाच्या नावावर? आणि ही गाडी ठेवायची म्हटली तर पहिलं पाऊल कोणतं? घरात २००६ चा ट्रॅक्टर आणि ट्रॉलीपण आहे, त्याबद्दलही विचारायचं आहे, पण आधी मोटरसायकल.

नांगरधनी

भाऊ, गोठ्यात उभी गाडी हाय त दंड कायचा? घरच्या ढेपेवर, घरच्या कुटारावर कोनी टॅक्स घेते का? वावरात अन् गोठ्यात सरकारचं काई चालत नाई. रस्त्यावर नेली म्हनून चलान झालं, ते भरा अन् मोकळे व्हा.

सातबारा

नांगरधनी भाऊंचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यातच पैसे जातात. परिवहन खात्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे खासगी दुचाकी आणि कारचा कर नवीन गाडी घेताना एकदाच भरला जातो. त्यामुळे पऱ्हाटी, तुमच्या बाबांच्या गाडीवर "कर थकला" असं काही नाही. गाडी गोठ्यात उभी होती त्या वर्षांचा रोड टॅक्स कोणी मागणार नाही. जो मागेल त्याच्याकडे पावती मागा.

पण नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज फॉर्म २५ मध्ये, आणि मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून करता येतो. मुदत गेली की दुचाकीला उशिराचे दरमहा ३०० रुपये आणि कारसारख्या गाडीला दरमहा ५०० रुपये जास्तीचे लागतात. हे दर एप्रिल २०२२ पासून आहेत. गाडी उभी आहे की फिरते आहे हे इथं कोणी विचारत नाही, महिने मोजले जातात. दोन वर्षं उशीर झाला की ७,२०० रुपये नुसते उशिराचे. त्यावर नूतनीकरणाची फी दुचाकीला १,००० रुपये. गाडी २० वर्षांच्या पुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून ती २,००० झाली आहे. शिवाय १५ वर्षांवरच्या गाडीला आपल्या राज्याचा पर्यावरण कर आहे, तोही नूतनीकरणाच्या वेळी भरावा लागतो. तुमच्या गाडीचा पक्का आकडा परिवहनच्या पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे आकडे टाकले की दिसतो. कोणाला एक रुपया द्यायच्या आधी तो पाहून घ्या.

तिसरी गोष्ट विमा, चौथी पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला). या दोन्ही गोष्टी रस्त्यावर आल्यावर लागतात. विम्याशिवाय पहिल्यांदा पकडलं तर २,००० रुपये, पुन्हा पकडलं तर ४,०००. कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही लिहिलेली आहे. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर म्हणजे कायद्याच्या नजरेत विनानोंदणी गाडी. कलम १९२ प्रमाणे पहिल्यांदा २,००० ते ५,००० आणि पुढच्या वेळी ५,००० ते १०,०००.

म्हणजे हे चार वेगवेगळे हिशेब आहेत. लोक सगळ्याला मिळून "टॅक्स" म्हणतात आणि तिथंच दलालाचं फावतं.

जिनिंगरोड

सातबारा काका, वारसाच्या नावावर करायचं कसं तेही सांगा. आमच्या घरीही सासऱ्यांच्या नावावरची स्कूटर आहे.

सातबारा

ताई, मालक वारला की घरातल्यांनी ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. तसं कळवलं तर तीन महिने ती गाडी वारसाला वापरता येते आणि तेवढ्यात नावावर करून घ्यायची असते. अर्ज फॉर्म ३१ मध्ये. सोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, आणि बाकीच्या वारसांची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र. खेड्यात नेमकं इथं अडतं. बहिणी लग्न होऊन नागपूर, अमरावती, कोणी पार पुण्याला. सह्या गोळा करता करता वर्ष निघून जातं. म्हणून तेराव्याला सगळे घरी जमतात तेव्हाच सातबाऱ्याच्या फेरफारासोबत गाडीच्या सह्याही घेऊन ठेवा. वाईट दिसते, मान्य आहे. पण नंतरचा त्रास त्याहून मोठा असतो.

ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांच्यासाठी: २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावता येतं, जुन्या गाडीलासुद्धा. लावून ठेवा.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

खूप आभार काका. पण या सगळ्यात क्रम काय ठेवायचा? आणि नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यायची तर तिथपर्यंत चालवत नेली की पुन्हा चलान!

सातबारा

क्रम असा ठेवा. आधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घ्या, नाहीतर ओटीपी आणि चलान दोन्ही बंद नंबरवरच जात राहतील. मग जुनी चलानं पाहून ती मिटवा. चलान बाकी असेल तर कार्यालयात कोणताच अर्ज पुढे सरकत नाही. मग थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरपाटी. मग नावाचा आणि नूतनीकरणाचा अर्ज.

तपासणीला न्यायची तर छोटा हत्ती किंवा पिकअप भाड्यानं करा, त्यात टाकून न्या. तालुक्याला परिवहन कार्यालयाचा कॅम्प लागतो तिथं तपासणी होत असेल तर जिल्ह्याला जायचं कामच नाही. भाडं जाईल, पण संपलेल्या आरसीवर चालवत नेण्यापेक्षा ते स्वस्तच.

आणि एक विचारतो, रागावू नका. पुतण्या अठराचा झाला आहे ना? लायसन आहे ना?

पऱ्हाटी (धागाकर्ता)

एकोणीसचा आहे, लायसन आहे.

सातबारा

मग मोठं संकट टळलं. अठराच्या आतल्या पोरानं चालवली असती तर कलम १९९अ लागलं असतं. त्यात पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. दहावी-अकरावीची पोरं शाळेत जायला बापाची गाडी नेतात, त्या सगळ्या घरांनी हे वाचावं.

नांगरधनी

काका, तुमचं सगळं खरं, पन मले एक सांगा. गाडी विकाले काढली त आठ हजार येत नाई. तिच्यावर उशिराचेच दहा-बारा हजार. हा कोनता न्याय हाय? आमच्या गावाले एसटी सकाळी एक येते, ते बी पावसाळ्यात येईन का नाई भरोसा नाई. दवाखाना अठरा किलोमीटर. गाडी हौसेसाठी ठेवत नाई कोनी. सोयाबीनचा भाव तुम्ही पाहून राह्यले. हजार रुपयांची फी भरता येते, पन महिन्याले तीनशेचं मीटर चालू ठेवनं म्हनजे गरिबाले कागद करूच नको म्हनन्यासारखं हाय.

सातबारा

नांगरधनी भाऊ, या एका मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं आहे. उशिराची रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा मोठी झाली की माणूस कागद करतच नाही, तसाच लपतछपत फिरवतो, आणि मग विमाही काढत नाही. म्हणजे ज्या सुरक्षेसाठी नियम केला तीच जाते. उशिराच्या रकमेला गाडीच्या किमतीच्या प्रमाणात कमाल मर्यादा हवी, असं माझं ठाम मत आहे. लोकप्रतिनिधींकडे ही मागणी लेखी जायला हवी, नुसतं पारावर बोलून होणार नाही.

पण मर्यादा येईपर्यंत हा नियम आहे. आणि दर महिन्याला रक्कम वाढते, म्हणून "पुढच्या हंगामात पाहू" हा विचार सगळ्यात महाग पडतो.

बाररूम

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. मोटार अपघाताची प्रकरणं दर आठवड्याला समोर येतात, म्हणून दंडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर लिहितो.

आधी नांगरधनी यांचा "वावरात काही चालत नाही" हा मुद्दा. कायद्यात विमा आणि नोंदणी दोन्ही "सार्वजनिक ठिकाणा"शी बांधलेल्या आहेत. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथं लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग तो रहदारीचा रस्ता असो वा नसो. स्वतःच्या कुंपणातलं वावर त्यात येत नाही, हे खरं. पण घरापासून वावरापर्यंत जी पांदण जाते, ती येते. गावठाणातली गल्ली येते. बाजाराचं मैदान येतं. आपल्याकडे क्वचितच कोणाचं वावर घराला लागून असतं. म्हणजे "फक्त वावरात वापरतो" म्हणणारा माणूसही रोज दोनदा सार्वजनिक ठिकाणावरून जातोच.

आता मुख्य गोष्ट. दोन हजाराचं चलान माणूस उसनवारी करून भरतो. पण विमा नसलेल्या गाडीनं पांदणीवर एखाद्या शेतमजुराला धडक दिली आणि तो दगावला, तर नुकसानभरपाई न्यायाधिकरण ठरवतं आणि ती मालकानं भरायची असते. कमावता माणूस गेला तर ती रक्कम लाखांत जाते. तिथं विमा कंपनी मागे उभी नसते. वसुली मालमत्तेवर येते, आणि आपल्या माणसाची मालमत्ता म्हणजे वावर. मी असे दावे दोन्ही बाजूंनी चालवले आहेत. ज्याचं माणूस गेलं त्यालाही पैसे मिळत नाहीत, कारण समोरच्याकडे नसतातच. दोन गरीब घरं एकाच वेळी बसतात. हे पाहिल्यावर विम्याच्या हप्त्याबद्दल कोणी कुरकुर केली की मला खरोखर वाईट वाटतं.

आणि मालक म्हणजे कोण? आरसीवर ज्याचं नाव आहे तो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. गाडी एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला अशी विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. भरपाईची जबाबदारी त्या पहिल्यावर आली.

तुरीचंशेत

बाररूम दादा, हे वाचून हातपाय गळाले. आम्ही एक जुनी गाडी बाँडवर लिहून विकली होती. घेणाऱ्यानं नावावर केली नाही. आता त्याची चलानं आमच्या नंबरवर येतात, हेल्मेटची, सिग्नलची. तो फोन उचलत नाही.

बाररूम

ताई, बाँड हा तुमच्या दोघांमधला व्यवहार. परिवहन खात्याला त्याच्याशी देणंघेणं नाही, मग बाँड शंभरचा असो की आताचा पाचशेचा. पण तो फेकू नका, तुमचा पुरावा तोच आहे.

विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांत फॉर्म २९ देऊन कळवायचं असतं, आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत फॉर्म ३०. मुदत गेली असली तरी आजच फॉर्म २९ भरा, बाँडची प्रत जोडा, कार्यालयात द्या आणि पोच घ्या. घेणाऱ्याला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. चलानांवर ऑनलाइन तक्रार टाका, फोटोत गाडीवर दुसरा माणूस आहे आणि विक्रीची तारीख ही आहे, असं लिहून. गाडी कुठं आहे हे माहीत असेल तर पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज द्या. एवढ्यानं जबाबदारी पूर्ण संपते असं मी म्हणणार नाही, ती नाव बदललं तरच संपते. पण उद्या काही घडलं तर तुम्ही गप्प बसला नव्हता हे कागदावर राहील.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

आता ट्रॅक्टर. २००६ चा, त्याचीही १५ वर्षं होऊन गेली. ट्रॉली गावाजवळच्या वर्कशॉपमधून बनवून घेतलेली, तिला नंबरच नाही. आजूबाजूला पाहिलं तर दहातल्या बहुतेक ट्रॉल्या अशाच दिसतात. ट्रॅक्टरला तर टॅक्स माफ आहे ना?

धुरकरी

ट्रॅक्टरबद्दल मी सांगतो, भाड्यानं नांगरणी-पेरणी करतो आणि कागद नीट ठेवतो.

शेतीच्या कामाच्या ट्रॅक्टरला कर माफ आहे. पण कर माफ म्हणजे नोंदणी माफ नाही, विमा माफ नाही. पंधरा वर्षांनी नूतनीकरण त्यालाही आहे. जुन्या ट्रॅक्टरवर अजून एक अडचण निघते ती बोज्याची. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन ते काढायचं. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर नव्या बँकेच्या शाखेत जुन्या खात्याचा उतारा काढावा लागतो. याला वेळ लागतो, म्हणून हे आधी सुरू करा.

ट्रॉली ही कायद्यानं स्वतंत्र गाडी आहे. तिचा नंबर वेगळा, विमा वेगळा. ट्रॅक्टरचा विमा काढताना ट्रॉलीचा हप्ता वेगळा लावायला सांगा, एजंट पुष्कळदा स्वतःहून लावत नाही. वर्कशॉपवाल्याकडे मान्यता नसेल आणि तो फॉर्म २२ (बनवणाऱ्याचा दाखला) देत नसेल तर नोंदणी अडते. म्हणून नवीन ट्रॉली घेताना पाच-दहा हजार जास्त गेले तरी मान्यता असलेल्या कारखान्याचीच घ्या.

जुन्या बिननंबरी ट्रॉलीचं काय, तर ती वावरातल्या वावरात ठेवा. कापूस जिनिंगला न्यायचा, तूर मार्केटला न्यायची, तेव्हा नंबरवाली ट्रॉली भाड्यानं घ्या.

आणि हात जोडून सांगतो, वेचणीच्या बायका ट्रॉलीत बसवून आणू नका. वऱ्हाडही नेऊ नका. ट्रॅक्टरवर कायद्यानं एकच माणूस, तो चालवणारा. ट्रॉलीत बसलेल्यांना विमा कंपनी धरत नाही. पहाटे कापूस वेचायला निघालेली ट्रॉली कालव्यात किंवा नाल्यात उलटली, ही बातमी दर हंगामात येते. आमच्या भागात मी स्वतः दोनदा धावून गेलो आहे. त्या बायकांच्या घरी नंतर कोणी जात नाही. मजूर आणायला ऑटो करा, पैसे मालकानं द्यावेत. जास्तीचे दोनशे रुपये त्या जिवांपुढे काहीच नाहीत.

नांगरधनी

धुरकरी भाऊ, हे मात्र मनापासून पटलं. आमच्या गावात ठराव घ्याले पाह्यजे याचा.

खाणपट्टा

वणीच्या बाजूचा आहे. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणीत मोठमोठे डंपर असतात, त्यांना नंबरपाटी नसते, ते कधी बाहेर येत नाहीत. कुंपणाच्या आतच वापरायच्या खास बनावटीच्या यंत्राला कायद्यानं "मोटार वाहन" धरलेलं नाही, म्हणून.

पण माझा प्रश्न टिप्परचा आहे. भावाचा टिप्पर इंजिन खोलून गॅरेजला पडला आहे, त्याचा टॅक्स दर वर्षाचा. कुठंतरी वाचलं की सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलं, गाडी सार्वजनिक रस्त्यावर नसेल तर टॅक्स नाही. मग भरायचा की नाही?

बाररूम

तो निकाल २९ ऑगस्ट २०२५ चा, आंध्र प्रदेशातला. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारातच चालणाऱ्या गाड्या होत्या. आंध्रच्या कायद्यात कर "सार्वजनिक ठिकाणी" वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर आहे, म्हणून न्यायालयानं तो त्या काळापुरता लागत नाही असं ठरवलं.

आपला महाराष्ट्राचा वाहन कराचा कायदा १९५८ चा आहे आणि त्याचे शब्द वेगळे आहेत. आपल्याकडे "राज्यात" वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर कर आहे. पुढे असंही म्हटलं आहे की गाडी वापरात नव्हती असं कर प्राधिकाऱ्यानं प्रमाणित केलं नसेल, तर ती वापरात होती असंच धरलं जाईल. म्हणून तो निकाल खिशात ठेवून कर थांबवू नका. गाडी उभी करायच्या आधी वापरात नसल्याची लेखी सूचना द्यायची, गाडी कुठं उभी राहणार तो पत्ता लिहायचा, आणि पोच घ्यायची. निरीक्षक त्या पत्त्यावर येऊन पाहू शकतो. नंतर "साहेब, सहा महिने गॅरेजलाच होती" म्हणून गॅरेजवाल्याची चिठ्ठी नेली तर ती सहसा चालत नाही. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के व्याज चढतं, म्हणजे वर्षाला २४ टक्के. सावकाराच्या वरताण.

खाणपट्टा

सूचना दिलेली नाही. मग मागचा कर व्याजासकट भरून उद्याच पुढची सूचना द्यायला सांगतो. धन्यवाद वकीलसाहेब.

अकोल्याचा_लेस्टरला

मूळचा अकोट तालुक्याचा, सध्या इंग्लंडमध्ये. इथली पद्धत सांगतो, तुलनेला कामी येईल. इथं खासगी कारचाही कर दर वर्षी असतो. गाडी उभी ठेवायची तर "सॉर्न" नावाची घोषणा ऑनलाइन करायची, पाच मिनिटांत होते आणि फुकट. ती केली की कर नाही, विम्याची सक्ती नाही, पण गाडी स्वतःच्या आवारातच हवी. घोषणाही नाही आणि करही नाही, तर गाडी गॅरेजात असली तरी ८० पौंडांचं पत्र घरी येतं, ३३ दिवसांत भरलं तर ४०. घोषणा करून रस्त्यावर आणली तर न्यायालयात २,५०० पौंडांपर्यंत दंड. अपवाद एकच, आधी वेळ घेऊन ठेवलेल्या तपासणीला नेताना.

मला यातली एक गोष्ट आपल्याकडे हवीशी वाटते. गाडी उभी आहे हे मालकानं मोबाइलवरून सांगायचं आणि तेवढ्या काळाचं मीटर थांबायचं. खासगी दुचाकीच्या नूतनीकरणालाही हे लावलं तर पऱ्हाटींसारख्या घरांचे पैसे वाचतील.

सातबारा

अगदी हेच मागायला हवं. आपल्याकडे वापरात नसल्याची सूचना कराच्या हिशेबासाठी आहे, दुचाकीच्या नूतनीकरणाचे महिने तिनं थांबत नाहीत.

जिनिंगरोड

एक सावधगिरीची सूचना. चलानाच्या नावानं व्हॉट्सअॅपवर फाइल येते, नावातच "आरटीओ चलान" असतं आणि शेवटी "एपीके". ती उघडू नका, मोबाइलचा ताबा जातो आणि खातं रिकामं होतं. आमच्या शेजारच्या काकांचे पीक विम्याचे पैसे असेच गेले. चलान पाहायचं असेल तर स्वतः शासनाच्या साइटवर जाऊन गाडी नंबर टाका. पाट्यांच्या बुकिंगच्याही खोट्या साइट आहेत. परिवहन विभागाच्या साइटवरून पुढे जा, गूगलवर पहिली दिसली तीच खरी असं नाही.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

मोठ्या भावाचं म्हणणं आहे की कशाला एवढा खर्च, गाडी भंगारवाल्याला देऊन टाक. तसं केलं तर सगळं संपतं का?

बाररूम

गाडी संपते, नोंदणी संपत नाही. भंगारवाला किलोवर घेतो आणि तुमच्या गाडीची नंबरपाटी, चेसिस कोणत्या गाडीला लागेल सांगता येत नाही. चोरीच्या गाडीला लागली तर पोलीस आरसीवरच्या पत्त्यावर येतात. गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत कळवून कलम ५५ प्रमाणे नोंदणी रद्द करून घ्यायची असते. सोपा मार्ग म्हणजे शासनमान्य स्क्रॅप केंद्र. तिथं गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना त्यावर करात सवलत मिळते. केंद्रांची यादी परिवहनच्या पोर्टलवर आहे. दोन्ही वाटांना आधी चलान मिटवावं लागेल.

पऱ्हाटी (धागाकर्ता)

घरात बोलणं झालं. गाडी ठेवतो आहोत. आई म्हणाली, तुझे बाबा याच गाडीवर मला दवाखान्यात नेत होते, ती भंगारात जाणार नाही. खर्च दोघं भाऊ अर्धा अर्धा करणार. बहिणींच्या सह्या दिवाळीत नाही, या रविवारीच घेतो, दोघी येत आहेत. ट्रॅक्टरचा बोजा काढायला बँकेत अर्ज दिला.

फक्त चलान लोक अदालतीपर्यंत थांबवू की आत्ताच भरू? कोणी म्हणतं तिथं निम्म्यात होतं.

बाररूम

लोक अदालतीत तडजोड होऊ शकते, पण निम्म्यातच होईल असं कोणी लिहून देत नाही. जुनी, बरीच चलानं साचली असतील तर थांबण्यात अर्थ आहे. तुमचं एकच आहे, आणि ते अडकलं की नूतनीकरण अडकतं, त्याचे दरमहा ३०० चालूच. आत्ताच भरा.

तुरीचंशेत

पाटीचा दर काय आहे? एजंट ट्रॅक्टरच्या पाटीचे बाराशे सांगतो.

धुरकरी

ताई, दुचाकीला आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१. चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाच नवीन बसवायची आहे, नंतरच्यांना शोरूममधूनच येते. बुकिंग स्वतः करा, पावती मोबाइलवर येते. बाराशे देऊ नका.